उभी गाडी पडते

आमच्या घरमालकांची मोटारसायकल चालताना एकदाही पडली नाही. पडायची ती थांबल्यावर. टपरीपाशी, पेट्रोल पंपावर, रेल्वे फाटकाला, आणि सगळ्यात जास्त आपल्याच घराच्या दारात. गाडी नीट घरापर्यंत यायची. आबा डावा पाय खाली सोडायचे, तो जमिनीच्या जरा वरच राहायचा, आणि मग गाडी आणि आबा दोघं मिळून डावीकडे बसायचे. बसायचे असंच म्हणते, कारण त्यात घाई नसायची. म्हैस पाण्याकाठी बसते तशी ती गाडी बसायची.

"काय झालं हो?" आतून अक्का विचारायच्या.

"काही नही. घर उनं," आबा जमिनीवरून सांगायचे. घर आलं, एवढंच.

जळगावला मेहरूणमध्ये त्यांच्या घरामागच्या खोलीत आम्ही भाड्याने राहतो. मी ज्वारीचे बिबडे आणि पापड करून विकते, आमचे हे डाळ मिलमध्ये कामाला. आबा-अक्का आता धुळ्याला देवपुरात लेकीकडे राहतात. घर तेच आहे, खोली तीच आहे, पण दारात काही पडल्याचा आवाज येत नाही आणि मला चुकल्यासारखं होतं. म्हणून हे लिहून ठेवते. दाखवायचं कुणाला नाही.

आबा माझ्याशी शहरातली मराठी बोलायचे. पण त्यांचं गाव साक्रीकडचं, आणि गाडी पडली की त्यांच्या तोंडी एकदम अहिराणी यायची. त्यामुळे दाराकडे न बघताही मला कळायचं की गाडी उभी आहे का आडवी.

त्यांची सगळी नोकरी बसवर ड्रायव्हर म्हणून गेली. जळगाव-धुळे, धुळे-जळगाव. बसला कधी ओरखडा येऊ दिला नाही असं ते सांगायचे, आणि अक्का ते खोडून काढायच्या नाहीत म्हणजे ते खरं असणार. अक्का बाकी काहीच खोडल्याशिवाय सोडायच्या नाहीत. तर अशा माणसाला दोन चाकांचं मनापासून नवल वाटायचं.

"बस थांबली की मी उतरून चहा प्यायचो," ते म्हणायचे. "ही थांबली की हिलाच धरून बसावं लागतं. याला काय गाडी म्हणायचं?"

"मग घेतली कशाला?" मी एकदा विचारलं.

त्यांनी मानेनेच स्वयंपाकघराकडे दाखवलं.

अक्कांना बस लागायची. ड्रायव्हरच्या बायकोला बस लागते, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. काच आणि चार चाकं आली की त्यांच्या पोटात ढवळायचं. लग्नानंतर नवऱ्याच्या बसमधून माहेरी निघाल्या त्या पहिल्या नाक्यावरच उतरल्या आणि पुन्हा कधी चढल्या नाहीत. आबांनी सगळ्या जिल्ह्याच्या बायका माहेरी पोचवल्या, स्वतःची बायको सोडून. अक्कांची बहीण मुक्ताईनगरला. तिथे एकादशीला मुक्ताईचं दर्शन घ्यावं, बहिणीकडे बसावं, संध्याकाळी परत यावं, एवढीच त्यांची इच्छा. मोटारसायकलवर मात्र वारा लागतो, पोट शांत राहतं. म्हणून रिटायर झाल्यावर आबांनी ही गाडी घेतली. जुनी, काळी, जड, आणि उंच. हलकी आणि बुटकी का नाही घेतली असं लोक विचारायचे. आबा म्हणायचे, "मी बस चालवलीय. एकदम खाली कसा येऊ?"

पडायचीच आहे हे एकदा कळल्यावर आबा पडण्याच्या तयारीला लागले. लोक गाडीला फुलं, लिंबू-मिरची बांधतात. आबांनी लेग गार्डला आधी सुतळी गुंडाळली आणि तिच्यावर अक्कांच्या जुन्या हिरव्या लुगड्याच्या पट्ट्या, घट्ट, एकावर एक. दोन्ही बाजूंना पाय मोडून प्लास्टर घातल्यासारखी ती गाडी दिसायची. हँडलच्या दोन्ही टोकांना लाकडी मुठी बसवल्या होत्या. पडताना भार त्यांच्यावर यावा आणि हँडल वाचावं म्हणून. त्या मुठी लाटण्याच्या होत्या.

"माझ्या पोळ्या गोल का होत नाहीत विचार त्यांना," अक्का मला म्हणायच्या. "लाटण्याला धरायला काही ठेवलंय का?"

आरसे त्यांनी काढूनच टाकले होते. पडली की पहिला आरसा फुटतो. मागे बघायचं काम अक्कांचं. अक्का मागे एका अंगाने बसायच्या, मान वळवून बघायच्या आणि आबांच्या कानात सांगायच्या, "ट्रक आहे. मोठा आहे. आपल्याकडे बघतोय." बसला कंडक्टर असतो म्हणून मागच्या सीटपाशी आबांनी सायकलची घंटी लावून दिली होती. एक वाजवली की थांबायचं, दोन वाजवल्या की निघायचं. अक्कांनी दोन घंट्या दिल्याशिवाय आबा गाडी हलवायचे नाहीत. भांडण झालं असलं तर अक्का घंटी द्यायच्या नाहीत, आणि गाडी चालू, आबा वर, अक्का मागे, असं दोघं बराच वेळ दारातच बसून राहायचे.

क्लचची आणि ब्रेकची दांडी जिथे हँडलला आवळलेली असते तिथला नट आबा पुरता आवळू द्यायचे नाहीत. गॅरेजवाल्याने आवळला तर घरी येऊन पुन्हा सैल करायचे. हाताने जोर लावला तर दांडी फिरली पाहिजे, पण आपोआप हलता कामा नये, इतपत. "गाडी पडली की ही फिरून बाजूला होते," ते मला दाखवायचे. "घट्ट असली की मोडते. माणसाचंही तसंच असतं. जरा सैल राहावं."

"मग माझ्याशी बोलताना का आवळता?" अक्का आतून विचारायच्या.

पण सगळ्यात मोठी युक्ती म्हणजे फळी. उन्हाळ्यात जळगावचं डांबर कसं होतं हे जळगावच्या माणसाला सांगायला नको. साइड स्टँडवर लावलेली गाडी बघता बघता कलते, स्टँड डांबरात रुततो, आणि माणूस दुकानातून बाहेर येईपर्यंत गाडी आडवी. आबांनी सागाच्या फळीचा हातभर तुकडा घेतला, त्याला भोक पाडलं, दोरी ओवली आणि दोरीचं टोक हँडलला बांधलं. गाडी थांबवायची, फळी खाली सोडायची, तिच्यावर स्टँड टेकवायचा. निघताना दोरी ओढून फळी वर घ्यायची. विहिरीतून बादली काढावी तशी. भर बाजारात लोक थांबून बघायचे. मी सोबत असले की मला मान वर करवत नसे. आबांना त्याचं काही नव्हतं. ते म्हणायचे, "हसू दे. त्यांच्या गाड्या बघ, सगळ्या वाकड्या उभ्या आहेत."

आम्ही पहिल्यांदा खोली बघायला गेलो तेव्हाची गोष्ट राहिलीच. आबांनी भाडं सांगितलं नाही, जात-गाव विचारलं नाही. आमच्या ह्यांना म्हणाले, "गाडी उचलता येते का?"

हे म्हणाले, "आमच्याकडे सायकल आहे."

आबांनी अंगणात एक गादी अंथरली. मग मोटारसायकल आणली, लहान लेकराला निजवावं तशी हळूच उजव्या कुशीवर त्या गादीवर निजवली, आणि बाजूला होऊन म्हणाले, "उचला."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. खोली चांगली होती, नळ आत होता. हे वाकले, हँडल दोन्ही हातांनी धरलं आणि ओढलं. गाडी हलली नाही, ह्यांची कंबर हलली. पुढे आठवडाभर त्यांनी मिलमध्ये पोतं उचललं नाही.

"आता तुम्ही," आबा माझ्याकडे वळून म्हणाले.

अक्का ओट्यावरून म्हणाल्या, "तिला कशाला त्रास देता? दमून आली असेल."

"मागच्या खोलीत दिवसभर हीच असणार. मी दारात पडलो तर उचलायला कोण येईल? तू येशील का?"

"मी का येऊ? मी पाडलं का?"

मला परक्या माणसासमोर साधा चहा प्यायला लाज वाटते. पण आबा मला सांगत होते ते अगदी रांगोळी शिकवावी तसं सांगत होते. आधी गाडी गियरमध्ये टाकायची, म्हणजे घरंगळणार नाही. उजवीकडे पडली असेल तर डावीकडचा स्टँड आधीच बाहेर काढायचा, म्हणजे उचलल्यावर पलीकडे कोलमडणार नाही. मग गाडीकडे पाठ करायची. कंबर सीटला टेकवायची. एका हाताने हँडल, दुसऱ्या हाताने मागची दांडी. हात नुसते धरायला. उचलायचं पायांनी, आणि मागे मागे चालत जायचं.

मी पदर खोचला, पाठ केली, आणि डोळे मिटून मागे चालत गेले. गाडी उभी राहिली. स्टँडवर टेकल्याचा आवाज आला तेव्हा मी डोळे उघडले.

"खोली तुमची," आबा म्हणाले.

ह्या उचलण्याचं एकच वाईट आहे. पाठ गाडीकडे करावी लागते, म्हणून तोंड लोकांकडे होतं.

त्यानंतर दारात आवाज आला की मी हातातलं पीठ झटकून जायचे. आबा आणि मी गाडी उभी करायचो आणि मग आबा ती चालू करायचे नाहीत. आडवी झाली की पोटातलं तेल भलतीकडे जातं, ते जागेवर यायला वेळ द्यावा लागतो. किती वेळ, तर चहा होऊन पिऊन होईपर्यंत. अक्का म्हणायच्या की गाडी पडते ती मुळात चहासाठीच. चहा पिता पिता आबा गाडीभोवती फिरून बघायचे. हँडल वाकडं झालं असेल तर पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडल पिळायचे. ब्रेकचं पायडल आत गेलं असेल तर लोखंडी नळीचा तुकडा त्याच्यात अडकवून बाहेर ओढायचे. "पहिले बघ, मग ओढ," म्हणायचे. मला सगळी पाने-पकडीची नावं त्यांनीच शिकवली. दहाचा पाना, बाराचा पाना. मी चौथीपर्यंत शिकले, पण पाढे तेव्हा पुन्हा उजळले.

ओरखड्यांना ते काळं नेलपॉलिश लावायचे. ते घ्यायला बांगड्यांच्या दुकानात स्वतः जायचे. दुकानातल्या चाची आमच्या ओळखीच्या, माझे पापड घ्यायच्या.

"आबा, लाल ले जाओ, गुलाबी ले जाओ," त्या म्हणायच्या. "अक्का को काला अच्छा नहीं लगेगा."

"अक्का के लिए नहीं, दुसरी के लिए है," आबा सांगायचे. "काली है, भारी है, और जरासा रुको तो गिर जाती है."

पण नेलपॉलिश लावण्याआधी ते प्रत्येक ओरखडा मला दाखवायचे. हा एरंडोलचा, चहाच्या टपरीपाशी. हा पारोळ्याचा. हा मुकटीचा, हा फागण्याचा. जळगावहून धुळ्याला जाताना जी गावं लागतात ती सगळी त्या टाकीवर आणि लेग गार्डवर होती. बसच्या पाटीवर लिहावीत तशी.

"सगळे थांबे घेतलेत हिने," आबा म्हणायचे. "एकही सोडला नाही."

त्यांचं एक बोलणं मी इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतही म्हणेन. गाडी आडवी, आबा तिच्याशेजारी आडवे, आणि वर आभाळाकडे बघत ते म्हणायचे, "चालती गाडी पडस नही. उभी पडस." जणू यात गाडीचा काहीच दोष नाही, दोष थांबण्याचा.

त्यांच्या मुलीला हे पटत नव्हतं. ताई धुळ्याला शाळेत शिकवतात. बोलणं कडक, पण आल्या की आधी आईच्या केसांना तेल लावून द्यायच्या आणि मग बापाला बोलायच्या. मुकटीला गाडी पडली तेव्हा अक्का मागे होत्या. लागलं काही नाही, अक्का गाडी थांबायच्या आधीच उतरून उभ्या राहायच्या, ती त्यांची सवयच होती. पण कुणीतरी ताईंना फोन केला. ताई आल्या आणि रस्त्यातच म्हणाल्या, आजच्या आज गाडी विका. तेव्हा आबांनी शब्द दिला. दर दसऱ्याला गाडी धुऊन, हार घालून, सगळ्यांसमोर गादीवर आडवी करीन आणि एकट्याने उचलीन. ज्या दसऱ्याला उचलली नाही, त्या दसऱ्यापासून मी हँडलला हात लावणार नाही.

"आणि विकणार कुणाला?" ताईंनी विचारलं होतं.

"विकणार नाही. देईन. जो एकट्याने उचलेल त्याला. ज्याला उचलता येत नाही त्याने गाडी ठेवू नये."

तेव्हापासून दसऱ्याला आमच्या अंगणात हा सोहळा असायचा. ताई धुळ्याहून यायच्या. शेजारपाजारचे यायचे. आबा धुतलेल्या पांढऱ्या कपड्यांत. गाडीला झेंडूचा हार, लेग गार्डला नवीन पट्ट्या, म्हणजे अक्कांचं आणखी एक लुगडं गेलेलं. आबा गाडी निजवायचे, पाठ करायचे, उचलायचे. लोक टाळ्या वाजवायचे. मग अक्का डोक्याला रुमाल बांधून मागे बसायच्या, दोन घंट्या द्यायच्या आणि दोघं मेहरूण तलावाला चक्कर मारून यायचे. दुसऱ्या दिवशी एकादशी. दुसऱ्या दिवशी मुक्ताईनगर.

त्या वर्षी पावसाळ्यात आबांचा गुडघा धरला. लंगडायला लागले आणि लंगडत नाही असं म्हणायला लागले. दसऱ्याच्या आधी काही दिवस दारात आवाज झाला. मी गेले तर आबा गाडीला पाठ लावून बसले होते, उचलायच्या पवित्र्यात. गाडी तशीच.

"आवाज करू नको," ते म्हणाले. "अक्काले सांगू नको."

मी उचलली. त्यांनी आधी गल्लीकडे बघितलं आणि मग गाडीकडे. त्या दिवशी हँडल तपासलं नाही, चहाही मागितला नाही. आत गेले.

थोड्या वेळाने अक्का माझ्या खोलीत आल्या. मी बिबडे वाळत घालत होते. त्याही कापडाचं एक टोक धरून बसल्या.

"तूच उचललीस ना?"

मी माझ्याकडचं टोक सरळ केलं.

"त्यांनी उचलली की स्टँडचा आवाज धाडकन येतो. तू उचलतेस तेव्हा हळू येतो," त्या म्हणाल्या. "मला कळलंय हे त्यांना सांगू नको. ते त्यांना सांगू नको, आणि हे मला सांगितलं असं मला सांगू नको."

मी हो म्हटलं. काय कबूल केलं ते मला अजून नीट कळलेलं नाही.

मग अक्का बिबडे सोडून मूळ गोष्टीवर आल्या. "गादी जाड केली तर?" त्या हळूच म्हणाल्या. गादी जाड असली की गाडी फार खाली जाणारच नाही, मग उचलायला राहिलं काय. बाई बसमध्ये बसल्या नसतील, पण डोकं तल्लख. तर दसऱ्याच्या सकाळी अंगणात त्यांची गादी, तिच्याखाली माझी गादी, तिच्याखाली पाहुण्यांची, आणि सगळ्यांवर एकच चादर, चारी बाजूंनी खोचलेली. आबांनी ते बघितलं. हार घ्यायला गेले. गाडीतलं पेट्रोलही त्यांनी आदल्या दिवशी काढून ठेवलेलं मला दिसलं, हलकं व्हावं म्हणून. म्हणजे तिघांनी तीन चोऱ्या केल्या होत्या आणि तिघं एकमेकांकडे बघत नव्हतो.

ताई आल्या. आपट्याची पानं दिली, पाया पडल्या. मग अंगणात आल्या. आबांनी गाडी निजवली. ती धड आडवीही होईना, पलंगावर लोडाला टेकून बसल्यासारखी दिसायला लागली.

"आबा," ताई म्हणाल्या, "ही पडलीय का आरामाला आलीय?"

सगळे हसले. ताईंनी दोघा शेजाऱ्यांना गाडी उचलून धरायला लावली आणि चादर ओढली. एक गादी काढली. दुसरी काढली. ती माझी होती, त्यांनी ती ओळखली आणि माझ्याकडे बघितलं. मी रांगोळीकडे बघितलं.

"आता करा," ताई म्हणाल्या.

आबांनी गाडी उरलेल्या गादीवर पुन्हा निजवली आणि पाठ केली. कंबर टेकवली, हात नीट धरले, सगळं अगदी मला शिकवलं तसं. गाडी गादीवरून उठली. अर्ध्यावर आली. तिथे थांबली. आबांचा चेहरा लाल झाला, आणि ते अर्ध्यावरच उभे राहिले, ना वर ना खाली. मग हळूहळू, गाडीला लागू नये अशा बेताने, त्यांनी ती परत खाली ठेवली. त्या अवस्थेतही त्यांनी ती आपटली नाही.

ताईंचा चेहरा उतरला. जिंकलेलं माणूस असं दिसत नाही. त्या पुढे होऊन बापाचा हात धरायला गेल्या, तर आबांनी त्यांच्या हातात किल्ली दिली नाही, ती गादीवर गाडीशेजारी ठेवली.

"ठरलं ते ठरलं," ते म्हणाले. "मी सोडली. आता जो उचलेल त्याची."

ओट्यावर अक्का उभ्या होत्या. डोक्याला रुमाल बांधून तयार. मी त्यांच्याकडे बघितलं नसतं तर बरं झालं असतं. त्यांनी हनुवटीखालची गाठ सोडायला घेतली. गाठ घट्ट बसली होती, बोटांना सुटत नव्हती.

माझ्या हातात पूजेचं ताट होतं. ते मी खाली ठेवलं एवढं आठवतं. गाडी गियरमध्ये होती, स्टँड आबांनी आधीच काढलेला होता. मी पाठ केली. समोर सगळी गल्ली. बांगडीवाल्या चाची, शेजारचे, आमचे हे, तेही आपली कंबर धरून. मी डोळे मिटले आणि मागे मागे चालत गेले.

स्टँड टेकला. हळू.

"हे काय?" ताई म्हणाल्या. "हिने उचलली. पण हिला चालवता कुठे येते?"

"चालवायचं काय अवघड आहे," आबा म्हणाले. त्यांचा आवाज जरा बसलेला होता. "चालती गाडी पडत नाही. जे अवघड आहे ते तिला येतं."

"पोरी," अक्का ओट्यावरून म्हणाल्या, "शिकायला किती दिवस लागतील? गाठ तशीच ठेवू का सोडू?"

गाठ त्या दिवशी सोडावीच लागली. दुसऱ्या दिवशीची एकादशी चुकली. पण त्या हिवाळ्यात रोज सकाळी आबा मला तलावाच्या रस्त्यावर न्यायचे. स्वतः हँडलला हात लावायचे नाहीत, शब्द दिला होता. काठी टेकत बाजूने चालायचे आणि ओरडायचे, "थांबू नको. थांबली का पडशील." आमच्या ह्यांना आधी ते पटलं नाही. मग मी पापड स्वतःच दुकानांत पोचवायला लागले आणि ह्यांच्या सायकलच्या फेऱ्या वाचल्या, तेव्हा पटलं. लायसन मिळालं. फोटोत मी खालीच बघते आहे.

आणि एका एकादशीला अक्का माझ्या मागे बसल्या. रुमाल बांधला. दोन घंट्या दिल्या. आबा दारात उभे. गाडीवर तिसऱ्याला जागा नव्हती, आणि आम्हांला एकटं सोडायची त्यांची तयारी नव्हती. ते बसने निघाले. इतकी वर्षं बस चालवलेला माणूस त्या दिवशी तिकीट काढून बसमध्ये बसला. नंतर कळलं की ड्रायव्हरच्या मागेच बसले होते आणि भुसावळपर्यंत त्याला गियर कधी बदलायचे ते सांगत होते.

आम्ही हळू गेलो. अक्का कानात सांगत होत्या, "ट्रक आहे. जाऊ दे. दुसरा आहे. तो पण जाऊ दे." त्यांच्या पोटात काही ढवळलं नाही. मुक्ताईनगरच्या बस स्टँडबाहेर आबा आधीच पोचून चहाच्या टपरीपाशी उभे होते. काठीवर दोन्ही हात, मान वर. लांबूनच आमची हिरव्या पट्ट्यांची गाडी त्यांनी ओळखली. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला नीट बघायचं होतं. म्हणून मी त्यांच्याकडे बघत बघत अगदी त्यांच्यासमोर गाडी थांबवली, आणि पाय टेकवायचा तेवढा राहिला.

ती बसली. म्हैस बसते तशी. अक्का सवयीने आधीच उतरल्या होत्या.

लोक जमले. आबा सावकाश चालत आले आणि माझ्या डोक्यापाशी उभे राहिले.

"चालती पडनी का उभी?" त्यांनी विचारलं.

"उभी," मी जमिनीवरून म्हटलं.

"मंग ठीक शे."

मी पेट्रोल बंद केलं. गाडी डावीकडे पडली होती, स्टँड खाली दबलेला, म्हणून उचलल्यावर कमरेने टेकवून धरली आणि पायाने स्टँड शोधला. आबांनी दोरी सोडून फळी खाली सरकवली, पण हँडलला हात लावला नाही. टपरीवाल्याला तीन चहा सांगितले, तेल जागेवर यायला हवं. मग वाकून बघायला लागले. दांडी फिरून बाजूला झाली होती, मोडली नव्हती. लेग गार्डवरची एक पट्टी फाटली होती आणि टाकीच्या खालच्या अंगाला एक नवा पांढरा ओरखडा उठला होता.

त्यांनी खिशातून नेलपॉलिशची बाटली काढली. हलवली. झाकण फिरवलं. ओरखड्यावर बोट फिरवून बघितलं, मग झाकण परत लावलं आणि बाटली माझ्या हातात दिली.

"मी नही लावाव," ते म्हणाले. "हाऊ थांबा तुना शे."

माझा तो थांबा मी अजून नेलपॉलिशने भरलेला नाही.

चहा पिऊन झाला तरी आबा गाडीभोवती फिरतच होते. शेवटी अक्का एकट्याच उभ्या गाडीवर चढून बसल्या, रुमालाची गाठ चाचपली आणि दोन घंट्या दिल्या.